अनामिकेचं नख

गेल्या महिन्यात कार्यक्रमाच्या तीन दिवस आधी, गुरुवारी सकाळी, कुकरचं झाकण काढताना माझ्या उजव्या हाताच्या अनामिकेचं नख तुटलं. आडवं, अगदी मांसाला लागून. मी ओट्याला टेकून तशीच खाली बसले. सासूबाई धावत आल्या, त्यांना वाटलं वाफेनं हात भाजला. मी नुसतं बोट दाखवलं. पंधरा वर्षं त्या माझ्याबरोबर राहतात. त्यांनी बोट पाहिलं, गॅस बंद केला आणि विचारलं, "रविवारी ते थरथरणारं वाजवणार होतीस ना?"

हो, तेच. तार्रेगा या स्पॅनिश गिटारवादकाचं 'रेक्वेर्दोस दे ला आल्हाम्ब्रा'. आणि त्याच्या प्रत्येक मात्रेला अनामिका लागते.

ज्यांनी क्लासिकल गिटार जवळून पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगते. गिटारचा सूर छेडला की त्याच क्षणी विरायला लागतो. सारंगी, व्हायोलिन किंवा बासरीसारखा तो ओढून धरता येत नाही. म्हणून ट्रेमोलो. अंगठा खालच्या सुरांची साथ धरतो आणि त्यामागोमाग अनामिका, मधलं बोट आणि तर्जनी एकाच तारेवर एकामागून एक पडतात. हे इतकं सारखं आणि इतकं जलद झालं पाहिजे, की ऐकणाऱ्याला तुटक ठोके न ऐकू येता एक लांब सलग सूर ऐकू यावा. तीन बोटांतलं पहिलं बोट अनामिका. तिचं नख गेलं की तीनातला एक ठोका बोथट पडतो, आणि कान नेमका तोच ऐकत बसतो.

या नखांबद्दल मी आयुष्यात जेवढं बोलले असेन तेवढं संगीताबद्दलही बोलले नसेन. डाव्या हाताची नखं मुळापर्यंत कापलेली, कारण तार दांडीवरच्या पडद्याजवळ दाबायची असते. उजव्या हाताची, करंगळी सोडून, बोटाच्या टोकापासून जेमतेम दोन मिलिमीटर पुढे. कानशीनं आकार द्यायचा, मग अगदी बारीक पॉलिश पेपरनं कडा इतकी गुळगुळीत करायची की रेशमी साडीवरून फिरवली तरी अडकू नये. तार आधी मांसाला लागते आणि मग नखावरून घसरून सुटते. गिटारचा सगळा आवाज त्या घसरण्यात आहे. नखाला सुईच्या टोकाएवढा खरबरीतपणा असला तरी तो तिसऱ्या रांगेपर्यंत ऐकू जातो.

आपल्या घरात अशी नखं सांभाळायची म्हणजे वेगळाच उद्योग. आपण जेवतो उजव्या हातानं, आणि आमटीतली हळद नखांत उतरते. माझी चार नखं कायम फिकट पिवळी असतात. कणीक मी डाव्या हातानं मळते. नारळ खवत नाही. लग्न नवीन असताना नात्यातल्या एक आजी सगळ्यांसमोर म्हणाल्या होत्या, "एकाच हाताची वाढवायची ही कुठली रीत गं?" मी गिटार काढून दोन मिनिटं काहीतरी वाजवलं, तेव्हा त्यांनी माझा हात हातात घेऊन नखं एकेक करून पाहिली. पुढच्या दिवाळीला त्यांनी मला बदामाच्या तेलाची बाटली दिली, नखांना लावायला.

नखं हवीत की नकोत, हा वाद मात्र फार जुना. एकोणिसाव्या शतकात पॅरिसमध्ये फर्नांदो सोर आणि दिओनिसियो आग्वादो हे दोन स्पॅनिश वादक एकाच घरात राहत होते. सोर नखांशिवाय वाजवायचा, आग्वादो नखांनी. सोरनं १८३० च्या आपल्या पुस्तकात नखांनी वाजवणाऱ्यांबद्दल अगदी कडक लिहिलंय, पण मित्राला त्यातून वगळलं. दोघांनी मिळून वाजवायला त्यानं एक रचना केली आणि तिचं नाव ठेवलं 'दोन मित्र'. मला ही गोष्ट अतिशय आवडते. ज्या तार्रेगाच्या ट्रेमोलोसाठी मी ओट्याजवळ बसून रडायच्या बेतात होते, त्या तार्रेगानंसुद्धा शेवटच्या वर्षांत नखं काढून टाकली होती.

पण मी तार्रेगा नाही आणि रविवार तीन दिवसांवर होता. यावर गिटारवाल्यांचा जगभरचा तोडगा एकच : पिंगपाँगचा चेंडू. चेंडूची गोलाई नखाच्या गोलाईशी जुळते. कात्रीनं बदामाच्या आकाराचा तुकडा कापायचा, उरलेल्या नखावर झटपट चिकटणाऱ्या गोंदाचा एक थेंब टाकून तो बसवायचा, आणि मग कानस. अडचण अशी, की २०१४ पासून स्पर्धांसाठी सेल्युलॉइडचे चेंडू जाऊन दुसऱ्या प्लॅस्टिकचे आले. या नव्या तुकड्याचा आवाज मला कोरडा वाटतो. जुन्या सेल्युलॉइडमध्ये थोडी लवचीकता असते, तो तारेपुढे किंचित वाकतो. टिळक रोडच्या बाजूला एका जुन्या दुकानात मालकांनी माळ्यावरून खोका काढला आणि त्यातून धूळ बसलेले तीन पिवळट चेंडू निघाले. त्यांनी पैसे घेतले नाहीत. "नखासाठी" म्हटल्यावर काही विचारलंही नाही. पुण्यातल्या जुन्या दुकानदारांचं हे मला फार बरं वाटतं.

शुक्रवारी रात्री ते खोटं नख घासत बसले होते, तेव्हा मिरज आठवली.

मी मिरजेची. आमच्या घरापासून चालत दहा मिनिटांवर सतारमेकर मंडळींची दुकानं होती. शाळेतून येताना मी मुद्दाम त्या रस्त्यानं यायची. दारात पंढरपूर-मंगळवेढ्याकडून आलेले मोठाले भोपळे वाळत टांगलेले, आत लाकडाचा भुसा, आणि कुणीतरी एकच तार पुन्हा पुन्हा छेडत जवारी काढत बसलेलं. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं तेव्हा बाबांनी फोन करून सांगितलं होतं, जणू घरातलंच कुणी पास झालं. उरुसात दर्ग्यात अब्दुल करीम खाँसाहेबांच्या स्मरणार्थ रात्रभर गाणं असतं. आई मला शाल गुंडाळून न्यायची. मी अर्धी रात्र झोपलेली असायची, पण तंबोऱ्याचा आवाज झोपेतही ऐकू यायचा.

त्या गावात मला १९९३ साली, तेराव्या वर्षी, गिटार हवी झाली. का, ते आता नीट सांगता येत नाही. शेजारच्या कॉलेजात जाणाऱ्या दादाकडे होती, एवढंच. बाबांनी मुंबईहून आणली. ती होती नायलॉनच्या तारांची, पण विकणाऱ्यानं 'आवाज मोठा येईल' म्हणून तिला स्टीलच्या तारा चढवून दिल्या होत्या. नायलॉनच्या सहा तारांचा मिळून ताण साधारण ४० किलो. स्टीलच्या तारांचा जवळजवळ दुप्पट. तीन महिन्यांत एका दुपारी 'खाड्' असा आवाज झाला आणि घोडी तबलीपासून, म्हणजे वरच्या फळीपासून, उखडून तारांना लोंबकळत राहिली.

बाबा ती घेऊन त्याच गल्लीतल्या एका चाचांकडे गेले. चाचांनी उभ्या जन्मात गिटार दुरुस्त केली नव्हती. त्यांनी ती मांडीवर आडवी घेतली, बोटाच्या पेरानं तबलीवर जागोजागी टकटक केली आणि कान लावला. मग भोकातून आरसा घालून आतल्या पट्ट्या पाहिल्या. "पंख्यासारख्या लावल्यात," ते म्हणाले. फार वर्षांनी मला कळलं, की पट्ट्यांची ही पंखारचना एकोणिसाव्या शतकात अल्मेरियाच्या आंतोनियो दे तोरेस या सुतारानं पक्की केली, आणि आजची क्लासिकल गिटार आकारानं, मापानं त्याचीच आहे. आवाज तबलीतून येतो हे दाखवायला तोरेसनं १८६२ मध्ये एक गिटार बाजू आणि पाठ चक्क पुठ्ठ्याची करून बांधली होती. चाचांना तोरेस माहीत नव्हता. पण त्यांनी टकटक केली ती तबलीवरच. पाठीला हातसुद्धा लावला नाही.

त्यांनी सरस गरम करून घोडी बसवली, दोरी आणि पाचरी लावून तीन दिवस दाबून ठेवली. परत देताना त्यांनी मला विचारलं, "बेटा, हिची जवारी कुठंय?" मी म्हटलं, नाही. त्यांना ते पटेना. तंबोऱ्याच्या घोडीला तो किंचित उतार देऊन, तारेखाली सूत सरकवून जो गुंजारव काढतात, तोच तर त्या वाद्याचा प्राण. गिटारमध्ये तार जराही झणझणली तर ती खोड समजतात, पडदा तरी घासायचा नाहीतर हाडाची पट्टी बदलायची. चाचा म्हणाले, "मग सूर एकटाच राहतो की." त्या वाक्याचा मी पुढे खूप विचार केला. गिटारचा सूर खरंच एकटा असतो. त्याच्या मागे काहीही नसतं, म्हणून तो कसा सुरू होतो आणि कसा संपतो ते लपत नाही.

१९९७ मध्ये कॉलेजसाठी पुण्यात आले आणि कॅम्पात सर भेटले. सर मूळचे गोव्याचे. लहानपणी चर्चच्या शाळेत स्वरलिपी आणि व्हायोलिन शिकलेले, तरुणपणी मुंबईत वाद्यवृंदात वाजवलेले, आणि उतारवयात एका खोलीत, मागे जिना असलेल्या घरात, गिटार शिकवणारे. माझ्याकडून त्यांनी पहिला दीड महिना मोकळ्या तारा सोडून काही वाजवून घेतलं नाही. मी एक सूर छेडायची. ते डोळे मिटून थांबायचे आणि म्हणायचे, "आवाज खंय गो?" आवाज कुठाय. मी पुन्हा छेडायची. पुन्हा तेच. मला राग यायचा, बसमध्ये रडू यायचं. एका पावसाळी दुपारी मी दुसरी तार छेडली आणि ते काहीच बोलले नाहीत. सूर विरेपर्यंत थांबले, मग उठून चहा ठेवला. त्या दिवशी मला वाटलं, आपण हे करू शकू.

त्यांच्याकडे कार्कास्सीच्या ओपस ६० या संग्रहातले अभ्यास झाले, जुलियानीचे उजव्या हाताचे १२० पलटे झाले, ल्यूट या जुन्या तंतुवाद्यासाठीच्या बाखच्या रचना झाल्या. डावा पाय उंच ठेवायला पायपट्टी लागते. ती महाग म्हणून मी जेवणाचे दोन पाट एकावर एक ठेवून बसायची, आणि अजूनही तशीच बसते. पाटाच्या कडेला माझ्या टाचेचा खड्डा पडलाय. २००१ मध्ये पहिला जाहीर कार्यक्रम. शाल, श्रीफळ आणि ५०० रुपयांचं पाकीट. पाकिटातले बहुतेक पैसे तारांच्या एका नव्या संचात गेले. २००६ मध्ये लंडनच्या ट्रिनिटी कॉलेजची एलटीसीएल ही पदविका मिळाली. त्यानंतर सर फार दिवस राहिले नाहीत.

आजची माझी गिटार २००९ मध्ये स्पेनमधल्या ग्रानादाहून आणलेली. आल्हाम्ब्रा राजवाड्याच्या टेकडीकडे चढत जाणारी कुएस्ता दे गोमेरेस नावाची एक गल्ली आहे, तिथे गिटार बांधणाऱ्यांची दुकानं आहेत. मी पहिल्या दुकानाच्या दारातच थबकले. भुसा, सरसाचा वास, टांगलेल्या अर्धवट दांड्या. भोपळे तेवढे नव्हते. मी घेतली त्या गिटारची पाठ उलटी करून कारागिरानं मला दाखवली आणि म्हणाला, "इंडिया." शिसवी! आजोबांच्या घरातल्या पलंगाचं तेच काळपट जांभळं लाकूड. दक्षिणेतल्या जंगलातला शिसव स्पेनला जातो, वाकवला जातो आणि गिटारची पाठ होतो. वरचं पॉलिशही लाखेचं, आणि लाख तर आपल्याकडचीच. तिथे उभी असताना चाचांची आठवण झाली. त्यांना हे सांगायला मी मिरजेला गेले तेव्हा दुकानात त्यांचा मुलगा बसला होता.

लाखेचं पॉलिश पुण्याच्या हवेत सांभाळायचं म्हणजे तान्हं मूल सांभाळल्यासारखं आहे. गिटारला हवेत साधारण ४५ ते ५५ टक्के दमटपणा मानवतो. एप्रिलात पुण्याची दुपार इतकी कोरडी असते की दांडीचं लाकूड आक्रसून पडद्यांची टोकं कडेतून बाहेर येतात, बोटाला टोचतात. तेव्हा साबणाच्या डबीला भोकं पाडून, ओला स्पंज घालून ती पेटीत ठेवायची. जुलैत उलटं : तबली फुगते, तारा उंच होतात, आणि घामानं पॉलिशवर कोपराचा पांढरा ठसा उमटतो. मी पावसाळाभर कोपराखाली जुन्या कॉटनच्या साडीचा तुकडा ठेवून वाजवते.

लोक विचारतात, यावर घर चालतं का. चालतं, पण कार्यक्रमांवर नाही. वर्षात माझे सात-आठ कार्यक्रम होतात, त्यातले निम्मे पन्नास-साठ माणसांसमोर. घर चालतं ते चोवीस विद्यार्थ्यांवर. सुरुवातीची दहा वर्षं मी मनात हिशेब मांडलेला होता : शिकवणी म्हणजे पोट आणि वादन म्हणजे काम. संध्याकाळचे चार तास मुलांना दिले की माझ्या रियाजाला रात्रीचे दीड-दोन उरायचे, तेही थकलेल्या बोटांनी. मला ते टोचायचं. आज तो हिशेब मी मोडून टाकलाय, आणि तो मोडायला लावला एका काकांनी.

काका बँकेतून निवृत्त झालेले, सदुसष्टाव्या वर्षी माझ्याकडे आले. त्यांनी पहिल्याच दिवशी सांगितलं, "मॅडम, मला एकच गोष्ट वाजवायची आहे. तेवढी आली की झालं." ती म्हणजे सोरचा बी मायनरमधला अभ्यास, ओपस ३५ मधला बावीसावा. दिसायला सोपा आणि वाजवायला निर्दय, कारण त्यात वरचा सूर गात राहिला पाहिजे आणि बाकीचे त्याच्या पायाशी हळू चालले पाहिजेत. काकांची बोटं ताठ. बुधवारी सकाळी ते बसनं यायचे, पेन्सिलीनं एकेका सुराखाली बोटाचा आकडा लिहायचे, आणि आठवड्यात दोन ओळींच्या पुढे जायचे नाहीत. पण त्यांना कुठंही पोचायची घाई नव्हती, आणि म्हणून वर्गातल्या सगळ्यांत सुंदर आवाज त्यांचा होता. एकदा मी त्यांना तो अभ्यास पूर्ण वाजवून दाखवला. ते थोडा वेळ गप्प राहिले. मग अगदी संकोचून म्हणाले, "रागावू नका. पण तुम्ही पहिला सूर संपायच्या आधीच दुसऱ्याकडे निघता."

मी त्या रात्री स्वतःचं ध्वनिमुद्रण लावून ऐकलं. ते खरं होतं. इतक्या वर्षांत कुठल्याही समीक्षकानं, कुठल्याही परीक्षकानं मला हे सांगितलं नव्हतं. मी पुढचे सहा महिने नवीन काही बसवलं नाही. फक्त सूर कसा सोडायचा ते शिकत राहिले. जो कान सरांनी माझ्यात घातला आणि मी तीन वर्षं काकांमध्ये घालत होते, तो उलटून माझ्याकडे आला होता. तेव्हापासून शिकवणीचे तास मला माझ्या रियाजातून वजा करावेसे वाटत नाहीत.

पाराग्वेचा आगुस्तीन बारियोस मला या बाबतीत फार जवळचा वाटतो. लॅटिन अमेरिकेत गावोगाव वाजवत फिरलेला माणूस, शेवटची वर्षं सान साल्वादोरला शिकवण्यात घालवली आणि तिथेच १९४४ मध्ये गेला. त्याची शेवटची रचना ट्रेमोलोतली आहे. असं सांगतात, की तो घरी शिकवत असताना एका म्हातारीनं भिक्षेसाठी दार ठोठावलं, आणि तो ठोठावण्याचा ठेका त्यानं खालच्या तारांवर कायम ठेवला. शिकवणीत आलेला व्यत्यय त्यानं बाहेर ठेवला नाही, रचनेत घेतला. साडेचारला आमच्या दाराची कडी वाजते तेव्हा मला दर वेळी हे आठवतं.

नवीन मुलांना मी बोटांची नावं शिकवते तेव्हा एक गंमत होते. स्वरलिपीत उजव्या हाताच्या बोटांना स्पॅनिश नावांची आद्याक्षरं असतात : पी, आय, एम, ए. एका सात वर्षांच्या मुलानं ती मराठीत लिहून घेतली आणि म्हणाला, "ताई, म म्हणजे मधलं आणि अ म्हणजे अनामिका. स्पॅनिश सोप्पंय." मेदियो आणि आनुलार. मी वीस वर्षं ती अक्षरं वाचत होते आणि मला हे दिसलं नव्हतं. आता सगळ्यांना असंच शिकवते.

प्रत्येकाला आधी 'रोमान्स' वाजवायचं असतं. नार्सिसो येपेसनं १९५२ च्या एका फ्रेंच चित्रपटात ते वाजवल्यापासून ते जगभर पोचलं. पहिला भाग मी लवकर देते, मुलांना आनंद होतो. दुसऱ्या भागात मायनरमधून मेजरमध्ये, म्हणजे कोमल गंधाराकडून शुद्ध गंधाराकडे, गेल्यावर एका बोटानं सगळ्या तारा दाबून धरायच्या असतात, तिथे निम्मी मुलं थांबतात. आईबाबा विचारतात, हिंदी गाणी कधी? मी सांगते, वर्षानंतर हवी तेवढी, पण आधी एक सूर नीट. काही जण सोडून जातात. मला वाईट वाटतं, पण ही अट मी सैल केलेली नाही.

२०२० मध्ये सगळं फोनवर आलं तेव्हा मी हरले होते. व्हिडिओ कॉलमधली सोय गिटारच्या विरत जाणाऱ्या सुराला खोलीतला गोंगाट समजून कापून टाकायची. मुलगी तार छेडताना दिसायची, 'टक्' ऐकू यायचं आणि पुढे शांतता. सेटिंगमध्ये मूळ आवाज चालू करायची खूण सापडेपर्यंत दोन महिने गेले. तोवर मी मुलांना सांगायची, मला ऐकू येत नाहीये, तूच ऐक आणि मला सांग सूर कधी संपला. काही मुलांचे कान त्या दोन महिन्यांत पक्के झाले.

गिटारचा आवाज लहान आहे. सेगोव्हिया या स्पॅनिश वादकानं मोठमोठ्या सभागृहांत ती माइकशिवाय वाजवली आणि लोकांना गप्प बसून ऐकायला लावलं. जॉन विल्यम्ससारख्या थोर वादकानं मात्र ध्वनिवर्धक मोकळेपणानं वापरला, आणि त्यात गैर काही नाही. पण शंभर खुर्च्यांच्या आत मी माइक घेत नाही. माइकमधून सूर मोठा होतो, पण त्याचं विरणं तेवढं बारीक राहत नाही. आपल्याकडे यात खरी अडचण असते ती पंख्यांची. छताला आठ पंखे आणि त्यातला एक तरी कुरकुरणारा. मी आयोजकांना आधीच सांगते, वादन चालू असताना पंखे बंद. उकाड्यात हे मागणं लहान नाही, मला कळतं. म्हणून मी कार्यक्रम आठ-दहा मिनिटांच्या तुकड्यांत बांधते, आणि मधे पंखे लावायला सांगून बोलते.

माझ्या वर्गात एक दहावीतली मुलगी आहे, ती ढोलपथकात ताशा वाजवते. गणपतीच्या आधी दोन महिने नदीकाठी सराव सुरू झाला की ती बोटांना चिकटपट्ट्या लावून येते. ताशानं हात बिघडेल अशी भीती मला पहिल्या वर्षी वाटली होती, ती चुकीची निघाली. ठोक्यामधलं अंतर तिला जेवढं कळतं तेवढं वर्गात कुणाला कळत नाही. तिचा ट्रेमोलो अजून कच्चा आहे, पण सारखा आहे.

रविवारी सदाशिव पेठेतल्या त्या लहान सभागृहात ऐंशीएक माणसं आली. सोर झाला, बाख झाला, बारियोसची 'ला कातेद्राल' झाली. चेंडूचा तुकडा टिकला होता. शेवटी पंखे पुन्हा बंद झाले. ट्रेमोलो सुरू करताना मी अंगठ्यावर लक्ष ठेवलं आणि अनामिकेचा विचार करायचा नाही असं ठरवलं. ए मायनरमधला पहिला भाग झाला, मेजर आलं, आणि मी त्यात गेले. पुढच्या ओळीत बसलेले काका डोळे मिटून होते. शेवटचे सूर मी पूर्ण विरू दिले. त्यानंतर पंखे लागले, आणि मग टाळ्या.

दोन्ही पाट उचलायला ताशावाली मुलगी व्यासपीठावर आली. तिला नखाचं काहीही माहीत नव्हतं. मी वर्गात बोलले नव्हते आणि चेंडूचा तुकडा लाखेच्या रंगाचा, दोन फुटांवरूनही कळत नव्हता. पाट काखेत घेऊन ती जरा घुटमळली.

"ताई, मेजरमध्ये गेल्यावर तुमची अनामिका वेगळी वाजत होती का?"

"कशी वेगळी?"

"जरा उजळ. बाकीची दोन तशीच होती. चार ओळींनंतर तुम्ही ती आणली त्यांच्यात."

मी तिला बोट दाखवलं. तिनं पाट खाली ठेवले, माझा हात दिव्याकडे वळवला आणि नखाच्या कडेवरून आपला अंगठा सावकाश फिरवला.